पूल, टोल आणि रॉबर्ट मोझेस

ज्या माणसाने न्यूयॉर्क शहर मोटारीच्या हवाली केले, त्याला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. रॉबर्ट मोझेस हे त्याचे नाव. तो ब्याण्णव वर्षे जगला आणि त्यांपैकी चव्वेचाळीस वर्षे, म्हणजे १९२४ पासून १९६८ पर्यंत, त्याच्या हाती सत्ता होती. या काळात कितीतरी गव्हर्नर आणि महापौर आले नि गेले. मोझेस आपल्या जागी कायम राहिला. एका वेळी बारा-बारा पदे त्याने सांभाळली, पण त्यांतले एकही निवडणूक जिंकून मिळवलेले नव्हते. निवडणुकीला तो एकदाच उभा राहिला आणि सपाटून आपटला. तेरा पूल, ४१६ मैलांचे उद्यानमार्ग आणि ६५८ क्रीडांगणे एवढा संसार मागे ठेवून तो १९८१ साली वारला. त्याने खर्च केलेला पैसा १९६८ सालच्या किमतीने सत्तावीस अब्ज डॉलर भरतो.

शहरातल्या वाहतुकीची चर्चा निघाली की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, लोकांना मोटारी हव्या आहेत, तेव्हा रस्ते आणि उड्डाणपूल बांधा. दुसरा म्हणतो, लोकांना मोटारी नकोत, त्यांना वेळेवर येणारी बस आणि गर्दी नसलेली गाडी हवी आहे. दोन्ही पक्ष लोकांच्या नावाने बोलतात. मोझेसचे चरित्र मला महत्त्वाचे वाटते ते एवढ्यासाठी की, लोकांना काय हवे हा प्रश्न तेथे फारसा विचारलाच गेला नाही. पैसा कोणत्या तिजोरीत पडतो आणि त्या तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, एवढ्यावर शहराचा आकार ठरला. रॉबर्ट कॅरो या पत्रकाराने १९७४ साली ‘द पॉवर ब्रोकर’ हे मोझेसचे बाराशे पानांच्या घरातले चरित्र लिहिले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मी ते दोनदा वाचले आहे. पहिल्या वेळी पुलांसाठी वाचले, दुसऱ्या वेळी कायद्याच्या कलमांसाठी. आणि खरी गोष्ट दुसऱ्या वाचनात सापडली असे मला वाटते.

मोझेसचा जन्म १८ डिसेंबर १८८८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे मोठे दुकान होते. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. मुलाचे शिक्षण येल विद्यापीठात झाले, पुढे ऑक्सफर्डला झाले आणि १९१४ साली कोलंबिया विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता ब्रिटनची सनदी सेवा. आपल्याकडची आयसीएस ज्या विचारातून निघाली, तोच हा विचार: वशिल्याने नव्हे, परीक्षेने आणि गुणांवर माणसे निवडावीत. तरुण मोझेस या विचाराने भारून गेला होता. महापौर मिचेलच्या कारकिर्दीत न्यूयॉर्क महापालिकेच्या हजारो नोकरांचे काम गुण देऊन मोजण्याची एक भलीमोठी योजना त्याने तयार केली. वशिल्यावर जगणाऱ्या टॅमनी हॉल या राजकीय टोळीने ती हाणून पाडली. १९१७ च्या निवडणुकीत मिचेल हरला आणि १९१८ साली मोझेस बेकार झाला. येल, ऑक्सफर्ड आणि कोलंबियाचा हा विद्वान क्लीव्हलंडच्या नगरपालिकेबाहेर एका किरकोळ नोकरीसाठी रांगेत उभा राहिला आणि तीही त्याला मिळाली नाही.

त्या रांगेत तो काय शिकला हे त्याने कोठे लिहून ठेवलेले नाही. पण तेथून परतलेला माणूस वेगळा होता. आदर्शाच्या पाठीशी सत्ता नसेल तर आदर्शाला कोणी विचारत नाही, हे त्याला कळले असावे. पुढे सत्ता मिळाली आणि आदर्श मागे पडत गेला, हा त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध.

सत्तेचे दार उघडले ते आल्फ्रेड स्मिथमुळे. स्मिथ न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर होता. शाळा लहानपणीच सुटलेली, फुल्टनच्या मासळी बाजारात कामाला राहिलेला, टॅमनी हॉलच्याच मुशीतून निघालेला, पण गरिबांविषयी कळकळ असलेला हा पुढारी. त्याची सल्लागार बेल मॉस्कोविट्झ हिने मोझेसला हाताशी धरले. स्मिथ आणि मोझेस यांच्यात साम्य काहीच नव्हते, तरी दोघांचे गोत्र जुळले. स्मिथकडून मोझेस एक विद्या शिकला, ती म्हणजे विधेयक कसे लिहावे. विधिमंडळातले सभासद विधेयके वाचत नाहीत, वाचली तरी संदर्भ उलगडत नाहीत, हे त्याने हेरले. थोड्याच वर्षांत राजधानी ऑल्बनीत त्याच्या हातचा मसुदा म्हणजे पक्के काम असा लौकिक झाला.

१९२४ साली लाँग आयलंडच्या उद्यानांसाठी एक आयोग स्थापन झाला आणि मोझेस त्याचा अध्यक्ष झाला. त्या कायद्याचा मसुदा त्याचाच. त्यात जमीन ताब्यात घेण्याविषयी एक साधा शब्द होता आणि त्या शब्दाचा अर्थ १८८४ सालच्या एका जुन्या कायद्याकडे बोट दाखवून सांगितला होता. त्या जुन्या कायद्याप्रमाणे सरकारी माणसाने जमिनीवर जाऊन ती ताब्यात घेतल्याचे मालकाला सांगितले की काम झाले, कोर्टकचेरी पुढे. विधेयक मंजूर करणाऱ्यांना हे नंतर कळले.

लाँग आयलंड हे न्यूयॉर्कला खेटून असलेले लांबलचक बेट. तेथे धनिकांचे वाडे होते, खासगी किनारे होते आणि शहरातल्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या लाखो माणसांना उन्हाळ्यात समुद्राचे दर्शन दुर्मिळ होते. मोझेसने तेथे जोन्स बीच उभा केला. ऑगस्ट १९२९ मध्ये तो खुला झाला. वाळूचा एक ओसाड पट्टा उपसून, भर घालून त्याने तेथे मैलोगणती स्वच्छ किनारा, कपडे बदलण्याच्या देखण्या इमारती आणि व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवर पाण्याचा मनोरा बांधला. सार्वजनिक जागा गरिबांसाठी म्हणून गबाळी असली पाहिजे, हे त्याला मान्य नव्हते. हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. मी त्याच्या टीकाकारांची बाजू पुढे मांडणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पण या किनाऱ्याला जायचे कसे? मोझेसने त्यासाठी उद्यानमार्ग बांधले. दुतर्फा झाडी, मध्ये सिग्नल नाहीत आणि मालवाहू गाड्यांना व बसगाड्यांना मज्जाव. रेल्वेचा फाटा किनाऱ्यापर्यंत नेण्याची सूचना पुढे आली तेव्हा त्याने ती फेटाळली. या मार्गांवरचे पूल त्याने मुद्दाम इतके ठेंगणे बांधले की, बस त्यांच्याखालून जाऊ नये आणि गरीब व काळे लोक किनाऱ्यावर येऊ नयेत, असे कॅरोने त्याच्या एका जवळच्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिले आहे. त्यावर बराच वाद झाला. बसला उद्यानमार्गावर तशीही बंदी होती आणि अशा मार्गांवर ठेंगणे पूल इतरत्रही बांधले जात, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे. हेतूचा निवाडा आज होणे कठीण. परिणामाविषयी मात्र वाद नाही. नियम केव्हाही बदलता येतो, पुलाची उंची बदलता येत नाही. मोटार असलेल्याला जोन्स बीच जवळ होता, नसलेल्याला लांब होता. आणि हे मार्ग आखताना धनिकांच्या मिळकती चुकवण्यासाठी रस्ता वळला, छोट्या शेतकऱ्यांच्या शेतांतून मात्र तो सरळ गेला.

१९३४ साली ला गार्डिया महापौर झाला आणि त्याने मोझेसला शहराच्या सर्व उद्यानांचा प्रमुख केले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षातर्फे मोझेस गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. प्रचारात त्याने मतदारांशी आणि वार्ताहरांशी इतक्या तुसडेपणाने वर्तन केले की, सुमारे आठ लाख मतांनी त्याचा पराभव झाला. पुन्हा त्याने मतदारांचे तोंड पाहिले नाही. पण उद्यानांच्या कामात त्याची कर्तबगारी थक्क करणारी आहे. महामंदीचा काळ होता, बेकारांना काम देण्यासाठी केंद्र सरकार पैसा ओतत होते. इतर शहरे आराखडे करत बसली, मोझेसचे आराखडे तयार होते. १९३६ च्या एका उन्हाळ्यात शहरात अकरा मोठे पोहण्याचे तलाव खुले झाले. तो स्वतः पट्टीचा पोहणारा होता, म्हातारपणीही समुद्रात दूरवर जात असे. सेंट्रल पार्कमधले मोडकळीस आलेले प्राणिसंग्रहालय त्याने नव्याने बांधले आणि त्याची एक किल्ली आपल्या जुन्या मालकाला, आल्फ्रेड स्मिथला दिली. स्मिथ समोरच राहत असे. रात्री एकटाच जाऊन तो जनावरांशी गप्पा मारी. मोझेसच्या रुक्ष चरित्रातला हा एक ओलावा.

आता त्या कलमांकडे येतो. मॅनहॅटन, ब्रॉन्क्स आणि क्वीन्स या शहराच्या तीन भागांना जोडणारा ट्रायबरो पूल ११ जुलै १९३६ रोजी खुला झाला. टोल पंचवीस सेंट. तो बांधण्यासाठी एक प्राधिकरण स्थापन झाले होते. अशा प्राधिकरणाची मूळ कल्पना साधी होती: कर्जरोखे काढून पूल बांधायचा, टोलमधून कर्ज फेडायचे, कर्ज फिटले की प्राधिकरण विसर्जित करायचे आणि पूल शहराला फुकट द्यायचा. पुलावर मोटारींची इतकी रीघ लागली की, कर्ज अपेक्षेच्या कितीतरी आधी फिटणार असे दिसू लागले. म्हणजे मोझेसची खुर्चीही लवकर जाणार.

तेव्हा त्याने कायद्यात दुरुस्त्या सुचवल्या आणि त्या मंजूर करून घेतल्या. जुने कर्ज फिटण्याआधी नवे रोखे काढून ते फेडण्याची मुभा प्राधिकरणाला मिळाली. नवे रोखे काढता आले तर कर्ज कधीच संपत नाही आणि प्राधिकरणही संपत नाही. दुसरी खुबी याहून मोठी. रोखे म्हणजे रोखे घेणाऱ्यांशी केलेला करार. कोणत्याही राज्याने करारातली बंधने दुबळी करणारा कायदा करू नये, असे अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. मोझेसने प्राधिकरणाचे अधिकार रोख्यांच्या करारातच लिहून टाकले. आता महापौर काय, गव्हर्नर काय, विधिमंडळ काय, कोणालाही ते काढून घेता येईनात. लोकांनी निवडलेल्या सरकारच्या पोटात लोकांना न जुमानणारे दुसरे सरकार तयार झाले. त्याला स्वतःचे उत्पन्न होते आणि पुलाखालच्या रँडल्स बेटावर स्वतःचे मुख्यालय होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचे आणि मोझेसचे जुने वैर. त्याला ट्रायबरोवरून हटवण्यासाठी केंद्राने एक खास आदेश काढला. वृत्तपत्रांनी गहजब केला आणि राष्ट्राध्यक्षाला माघार घ्यावी लागली.

या टोलच्या पैशातून आणखी पूल झाले: ब्रॉन्क्स-व्हाइटस्टोन १९३९ साली, थ्रॉग्ज नेक १९६१ साली, व्हेराझानो-नॅरोज १९६४ साली. दर वेळी कारण एकच सांगितले जाई: जुन्या पुलावर कोंडी होते, नवा पूल ती सोडवील. पण ट्रायबरो खुला झाल्यावर थोड्याच काळात जुने पूलही पूर्वीसारखे तुंबले आणि ट्रायबरोही तुंबला. व्हाइटस्टोन झाला, पुन्हा तेच. नवा रस्ता जुन्या मोटारींना वाट देतो त्यापेक्षा नव्या मोटारींना आमंत्रण देतो, हे आज वाहतुकीच्या अभ्यासकांना पाठ झालेले सत्य न्यूयॉर्कला १९३० च्या दशकातच दिसले होते. मोझेसला ते दिसत नव्हते असे नाही. पण कोंडी म्हणजे टोल, टोल म्हणजे रोखे आणि रोखे म्हणजे पुढचा पूल. त्याच्या दुकानाला कोंडी तोट्याची नव्हती.

भुयारी रेल्वेची गोष्ट उलटी. १९०४ साली सुरू झालेल्या या रेल्वेचे पाच सेंटचे तिकीट १९४८ पर्यंत कोणी वाढवले नाही. वाढवणारा निवडणुकीत पडेल ही भीती. याला मोझेस जबाबदार नाही. लोकांनी निवडलेल्या पुढाऱ्यांचा हा भित्रेपणा. रेल्वे वर्षाला दोन अब्जांहून अधिक प्रवास घडवत होती आणि तिच्या तिजोरीत नवे डबे घेण्याइतका पैसा नव्हता. नदीवरच्या पुलांवर टोलची रास पडत होती आणि कायद्याने त्यातला एक सेंटही रेल्वेकडे वळवता येत नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये सहाव्या अव्हेन्यूखालचा मार्ग सुरू झाला, त्यानंतर कित्येक दशके म्हणण्यासारखा नवा मार्ग झाला नाही. दुसऱ्या अव्हेन्यूखालच्या मार्गासाठी १९५१ साली मतदारांनी पन्नास कोटी डॉलरच्या कर्जाला मंजुरी दिली. पैसा दुसरीकडे खर्च झाला. त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरू व्हायला १ जानेवारी २०१७ उजाडावा लागला.

हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. हमरस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात आणि मोटारीत बहुधा एकच माणूस असतो. रेल्वेच्या एका रुळावरून तेवढ्याच वेळात तीस-चाळीस हजार माणसे जातात. विमानतळाकडे जाणारा व्हॅन विक एक्स्प्रेसवे आखला जात होता तेव्हा शहराच्या नियोजकांपैकी काहींनी सुचवले की, रेल्वे आज नका बांधू, पण मधोमध तिच्यासाठी पट्टा राखून ठेवा. जमीन आज स्वस्त आहे. मोझेसने नकार दिला. लाँग आयलंड एक्स्प्रेसवेच्या वेळीही हीच सूचना आली आणि हाच नकार आला. व्हेराझानो पुलावर रूळ नाहीत आणि स्टेटन आयलंड हा शहराचा भाग भुयारी रेल्वेच्या जाळ्याला आजही जोडलेला नाही.

मोझेसला मोटारीत कोंडी कधी सोसावी लागली नाही. त्याची गाडी दुसरा कोणी चालवी, मागे तो कागद पाहत, माणसांना भेटी देत बसे. मोटार हे त्याचे फिरते कार्यालय होते. त्याच्या मनातली मोटार १९२४ सालची होती: रविवारी सकाळी बायकामुलांना घेऊन झाडीतून समुद्राकडे निघालेली. रोज सकाळी कामावर जाणाऱ्या लाखो माणसांची मोटार ही वेगळी वस्तू आहे, हे त्याच्या मनाने कधी घेतले नाही.

या रस्त्यांची किंमत कोणी दिली? कॅरोच्या हिशेबाने केवळ महामार्गांसाठी अडीच लाख माणसांची घरे गेली. ब्रॉन्क्सच्या मधून सुमारे सात मैलांचा क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे काढायचा होता. वाटेत ईस्ट ट्रेमाँट ही वस्ती होती. बहुतेक ज्यू, कपड्यांच्या कारखान्यांत राबणारी, भाडे परवडते म्हणून तेथे टिकून असलेली साधी माणसे. डिसेंबर १९५२ मध्ये त्यांच्या टपालपेट्यांत मोझेसच्या सहीची पत्रे पडली: नव्वद दिवसांत घरे सोडा. त्या एका मैलात १,५३० कुटुंबे होती. बायकांनी पुढाकार घेतला, अभियंते गाठले, नकाशे काढले. रस्ता थोडा दक्षिणेला, क्रोटोना पार्कच्या कडेने नेला तर फक्त सहा इमारती पाडाव्या लागतील, हे त्यांनी दाखवून दिले. महापौरांनी सहानुभूती दाखवली, नंतर घूमजाव केले. रस्ता जिथून जायचा तिथूनच गेला. घरे गेलेली माणसे तर गेलीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेली वस्तीही पुढच्या काही वर्षांत ओस पडत गेली. शेकडो इमारतींच्या यादीतला हा एक मैल. पण कॅरोच्या पुस्तकातली ही प्रकरणे वाचताना मला आपल्याकडचे सगळे प्रकल्पग्रस्त आठवत राहिले. पर्याय असतो, तो कागदावर मांडलेलाही असतो, आणि ऐकणारा खुर्चीत नसतो. कारण खरी खुर्ची दुसऱ्याच इमारतीत असते.

मोझेसचा एक जाहीर पराभव झाला तो एका मोटारतळापायी. १९५६ च्या एप्रिलमध्ये सेंट्रल पार्कमधल्या एका महागड्या उपाहारगृहाचा मोटारतळ वाढवण्यासाठी त्याने मुलांच्या खेळण्याची छोटी जागा घ्यायचे ठरवले. आसपासच्या आयांनी बाबागाड्या आडव्या लावल्या. मोझेसने रात्री कुंपण घालून झाडे तोडायला बुलडोझर पाठवला. सकाळच्या वृत्तपत्रांत रडणाऱ्या आयांची छायाचित्रे आली. ईस्ट ट्रेमाँटच्या बायकांकडे वृत्तपत्रांनी पाहिले नव्हते. या बायका सुखवस्तू वस्तीतल्या होत्या, त्यांच्याकडे पाहिले. कोर्टाने काम थांबवले, मोझेसने माघार घेतली आणि तेथे क्रीडांगण झाले. पाठोपाठ वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेतून रस्ता काढण्याचा बेत स्थानिक रहिवाशांनी हाणून पाडला; १९५८ साली ती बाग मोटारींना बंद झाली. या लढ्यात जेन जेकब्ज ही लेखिका होती. तिचे ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हे पुस्तक १९६१ साली आले आणि त्याने नगररचनेचा विचारच बदलला. दक्षिण मॅनहॅटनमधून उन्नत महामार्ग काढण्याच्या मोझेसच्या योजनेविरुद्ध ती वर्षानुवर्षे लढली. १९६८ साली तिला अटक झाली; १९६९ साली योजना गाडली गेली.

पण या आंदोलनांनी मोझेसची सत्ता गेली नाही. त्याचे काही बेत बारगळले एवढेच. मनासारखे झाले नाही की राजीनामा पुढे टाकायचा, ही त्याची जुनी खोड. तीस वर्षे सगळे त्याची मनधरणी करत आले. १९६२ साली गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरने राज्याच्या उद्यानांवरच्या पदांचा राजीनामा सरळ स्वीकारला. १९६४-६५ चे जागतिक प्रदर्शन मोझेसने भरवले आणि ते तोट्यात गेले. उरले ट्रायबरो प्राधिकरण. महापौर लिंडसेने १९६६ साली टोलची शिल्लक रेल्वेकडे वळवण्याचा प्रयत्न केला; रोख्यांच्या कराराची भिंत आडवी आली. रॉकफेलरने ती भिंत दाराने ओलांडली. रोखेधारकांच्या वतीने विश्वस्त होती चेस मॅनहॅटन बँक आणि तिचा प्रमुख होता डेव्हिड रॉकफेलर, गव्हर्नरचा सख्खा भाऊ. बँकेने लावलेला दावा समझोत्याने मिटला. १ मार्च १९६८ रोजी ट्रायबरो प्राधिकरण भुयारी रेल्वे चालवणाऱ्या नव्या महामंडळात विलीन झाले. मोझेस तेव्हा ७९ वर्षांचा होता. लोकांच्या मतांनी, आयांच्या बाबागाड्यांनी किंवा जेकब्जच्या पुस्तकाने जे झाले नाही, ते दोन श्रीमंत भावांच्या बोलण्याने झाले. लोकशाहीवर विश्वास असणाऱ्याने या गोष्टीचा फार आनंद मानू नये.

त्या दिवसापासून पुलांवरच्या टोलची शिल्लक रेल्वे आणि बसकडे जाऊ लागली. मोझेसची तिजोरी तीच राहिली, किल्ली बदलली. १९७० च्या दशकात शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, डबे रंगाने बरबटले, गाड्या रखडू लागल्या. तरी रेल्वे बंद पडली नाही, त्यात या पैशाचा वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी मी केनेडी विमानतळावरून जमैका स्थानकापर्यंत उन्नत गाडीने गेलो. ही गाडी डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाली. ती व्हॅन विक एक्स्प्रेसवेच्या मधोमध, खांबांवरून जाते. खाली तिन्हीत्रिकाळ तुंबलेला रस्ता होता आणि वर आम्ही बॅगा सांभाळत उभे होतो. जमिनीवर जो पट्टा थोड्या खर्चात राखून ठेवता आला असता, तो न ठेवल्याने अर्ध्या शतकानंतर हवेत बांधावा लागला. संपूर्ण प्रकल्पाला सुमारे दोन अब्ज डॉलर लागले. डब्यातल्या कोणाला मोझेसचे नाव ठाऊक असेल असे वाटले नाही. पण आमच्या पायाखालचा प्रत्येक खांब त्याच्या नकाराचा हप्ता होता.

अलीकडे मोझेसची बाजू मांडणारेही पुढे आले आहेत. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले आणि अभ्यासकांनी त्याचे फेरमूल्यमापन केले. महामार्ग सगळ्याच अमेरिकी शहरांत झाले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला, मग कोणते शहर थांबणार होते? मोझेस नसता तर तलाव, क्रीडांगणे, पूल यांतले कितीसे झाले असते? आज एक साधा पूल बांधायला दहा वर्षे वाद होतात, तेव्हा मोझेससारखा माणूस हवा, असेही काहींना वाटते. या म्हणण्यात तथ्य आहे. काम करून दाखवणाऱ्या माणसाची भूक आपल्यालाही आहे. पण मोझेसने कोणते काम केले हे पाहताना त्याने कोणते काम कोणालाही करता येणार नाही अशी व्यवस्था केली, हेही पाहायला हवे. त्याने रेल्वे बांधली नाही हा त्याचा दोष नव्हे. ते त्याचे खाते नव्हते. रेल्वेला जागा आणि पैसा मिळण्याची वाट त्याने बुजवली, हा दोष.

मुंबईत १९९० च्या दशकात पन्नासच्या वर उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यासाठी १९९६ साली रस्ते विकास महामंडळ निघाले, कर्जे उभारली गेली आणि शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर टोलनाके बसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मोटारवाल्यांनी पेढे वाटले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ जानेवारी २०२५ रोजी, न्यूयॉर्कने दक्षिण मॅनहॅटनमध्ये शिरणाऱ्या मोटारींवर गर्दीच्या वेळी नऊ डॉलरचा आकार लावला. तो पैसा भुयारी रेल्वे आणि बससाठी राखून ठेवलेला आहे. दोन शहरांची तुलना सर्वस्वी न्याय्य नाही, हे मला कळते. आपल्या नाक्यांविषयी लोकांचा राग खोटा नव्हता. किती वसूल झाले आणि किती फिटले याचा हिशेब सामान्य माणसाला कधी नीट समजला नव्हता. पण टोल असावा की नसावा एवढ्यावरच आपण भांडलो. त्या पैशातून लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्यांसाठी काही निघू शकते का, हा प्रश्न त्या भांडणात ऐकू आला नाही.

पुलाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे कोनशिलेवर लिहिलेले असते. पुलावर गोळा होणारा पैसा कोठे जाईल, हे कायद्याच्या एखाद्या कलमात असते आणि ते कलम फारसे कोणी वाचत नाही. मोझेसने आयुष्यभर याच आळसाचे व्याज खाल्ले. नव्या पुलाची बातमी आली की मी हल्ली त्याची लांबी नंतर पाहतो. आधी ते कलम शोधतो.